हे सारे कुणासाठी मांडले?

आमच्या घरात एक वाद गेली दहा-बारा वर्षे चालू आहे. घरातला वाद म्हटले की वाचकांच्या मनात बांधाचा, वाटणीचा, नाहीतर विहिरीच्या पाळीचा वाद येईल. तसले वाद आमच्याकडेही झाले आणि मिटले. हा मिटलेला नाही. वाद असा, की ही जमीन, हे पाणी, सूर्य, चांदण्या, हे सगळे माणसासाठी मुद्दाम मांडलेले आहे की नाही?

वादात आम्ही तिघे. एक माझे थोरले बंधू. त्यांना सगळे गाव दादा म्हणते. अंगात सदरा, गळ्यात माळ, आणि वीस-बावीस वर्षांचे असल्यापासून आषाढीची पायी वारी. दुसरा त्यांचा मुलगा, माझा पुतण्या. तो इंजिनिअर होऊन पुण्याला नोकरी करतो, सणावाराला येतो आणि येताना पोतेभर शंका घेऊन येतो. तिसरा मी. तालुक्याच्या हायस्कुलात मी सत्तावीस वर्षे विज्ञान शिकवले आणि सुट्टीच्या दिवशी शेती केली. आता रोज शेती करतो आणि सवड मिळेल तेव्हा वाचतो. दादा मला अजून मास्तरच म्हणतात, तेही थोडे चिडवून.

दादांचे म्हणणे सरळ होते. मृगाला पाऊस येतो, गाईला वासरू झाले की दूध येते, उन्हाळ्यात जिभेला कोरड पडते तेव्हाच आंबा पिकतो. एवढा मेळ आपोआप बसत नसतो, बसवणारा कोणीतरी आहे, आणि त्याने तो आपल्यासाठी बसवला आहे. पुतण्याचे म्हणणे याच्या नेमके उलट. सगळा योगायोग आहे. आपण मेळ शोधतो म्हणून मेळ दिसतो. दोघेही आपापल्या जागी ठाम होते आणि मी मधे बसून सुपारी कातरत होतो. गंमतीचाच वाद होता म्हणा ना. २०१४ सालापर्यंत.

त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात जी गारपीट झाली, ती ज्यांनी पाहिली त्यांना तिचे वर्णन सांगायला नको. आमच्या शिवारात ती दुपारी चारच्या सुमाराला आली. शाळू काढणीला आला होता, हरभरा खळ्याच्या वाटेवर होता, दादांची दोन एकर मोसंबी फळांनी वाकली होती. वीस-पंचवीस मिनिटांत ज्वारीची ताटे जमिनीला चिकटली आणि मोसंबीची झाडे सोलून काढल्यासारखी उभी राहिली. पाखरे मेली, दोन शेळ्या मेल्या. पाऊस थांबल्यावर आम्ही गोठ्याकडे गेलो तर जनावरांच्या हौदात पाणी काठोकाठ आणि त्यावर लिंबाएवढ्या गारा तरंगत होत्या. दादा त्या हौदाशी किती वेळ उभे होते कोण जाणे.

नुकसान सगळ्यांचेच झाले होते. पण दादांचे एक वेगळे झाले. आदल्या वर्षी त्यांनी बांधावरचा जुना उंबर तोडला होता. त्याच्या सावलीने दहा-बारा सऱ्या पिकत नव्हत्या. तोडतानाच वहिनी नको म्हणाल्या होत्या. गारपिटीनंतर दादांच्या मनाने घेतले की ही त्या उंबराची शिक्षा आहे. ते कोणाला बोलले नाहीत. जेवण कमी झाले. रात्री ओसरीवर बसून राहायचे. आषाढी आली, दिंडी निघाली, दादा निघाले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यातच पुढची दोन वर्षे मराठवाड्यात पावसाने दगा दिला. आमच्या शिवारातल्या दोन घरांत त्या काळात जे घडले ते मी येथे लिहीत नाही, पण वहिनींच्या मनात तेच होते आणि माझ्याही. दादांना एकटे शेतावर जाऊ द्यायचे नाही असे आम्ही न बोलता ठरवले होते.

एके रात्री त्यांनीच विषय काढला. म्हणाले, "मास्तर, सगळं आपल्यासाठी केलंय असं मी म्हणत आलो. मग ती गारबी आपल्यासाठीच पडली म्हणायची. माझ्या नावानं पडली."

या बोलण्यावर पुतण्याचे उत्तर तयार होते: आपल्यासाठी काहीच केलेले नाही, विषय संपला. पण चाळीस वर्षे ज्या खांबाला पाठ लावून माणूस बसला, तो खांब एका वाक्यात काढून घ्यायचा आणि त्याला बस म्हणायचे, हे मला पटेना. शिवाय ते उत्तर पुरते खरेही नव्हते. मी त्या आधीच काही वर्षे या विषयावर मिळेल ते वाचत होतो. शास्त्रज्ञांमध्येही हाच वाद आहे, आणि आमच्या ओसरीवरच्यापेक्षा जोरात आहे. म्हणून मी दादांना गोष्ट सांगायला लागलो. सात-आठ रात्री तरी ती चालली असेल. तिचा गाभा वाचकांपुढे ठेवतो.

सुरुवात कडब्यापासून केली. वाळलेला शंभर किलो कडबा घेतला तर त्यात चाळीस किलोंहून थोडा जास्त निव्वळ कार्बन असतो, म्हणजे कोळशाचे मूलद्रव्य. तो ताटाने कोठून आणला? मातीतून नव्हे. मातीतून आलेली खनिजे म्हणजे कडबा जाळल्यावर उरते ती राख, ओंजळभर. कार्बन आला हवेतून. हवेच्या दहा हजार भागांत कार्बन डायऑक्साइड वायू जेमतेम चार भाग असतो. त्यातून पान तो वेचून घेते. तोच कडबा गाय खाते, तेच दूध आपण पितो. आपल्या अंगातले पाणी सोडले तर उरलेल्या वजनात सर्वांत मोठा वाटा कार्बनचाच. कार्बनचे वैशिष्ट्य असे की तो चार बाजूंनी हात धरतो आणि लांबच लांब साखळ्या करतो. लाकूड, कापूस, गूळ, तेल, रक्त, मेंदू, सगळ्याची वीण त्याच्यावर आहे.

आता प्रश्न असा, की हवेतला कार्बन आला कोठून? विश्वाच्या आरंभी, सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी, तो नव्हताच. तेव्हा हायड्रोजन होता, हेलियम होता आणि चिमूटभर लिथियम. बाकीचा माल पुढे ताऱ्यांच्या पोटात शिजला. ताऱ्याच्या पोटात दहा कोटी अंशांच्या घरात उष्णता गेली की हेलियमचे कण एकमेकांवर आदळतात. दोन हेलियम चिकटले तर बेरिलियमचा एक कण होतो. पण तो टिकत नाही. एका सेकंदाचे एक कोटी तुकडे करा, त्यातल्या एका तुकड्याचे पुन्हा एक कोटी करा, आणि त्यातल्या एकाचे शंभर. जवळपास तेवढाच वेळ तो जगतो आणि फुटतो. तेवढ्या वेळात तिसरा हेलियम येऊन चिकटला तर कार्बन. साध्या हिशेबाने हे इतके क्वचित घडेल की विश्वात कार्बन नावापुरताच सापडावा. प्रत्यक्षात तो मुबलक आहे.

हे कोडे इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी सोडवले. हॉईल हे नाव आपल्याला परके नाही. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले आपले जयंत नारळीकर केंब्रिजला त्यांचेच विद्यार्थी. १९६४ साली गुरुशिष्यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा एक सिद्धान्त मांडला तेव्हा दोघांची नावे जगभर झाली. नारळीकर पुढे मायदेशी परतले, पुण्याला १९८८ साली 'आयुका' ही संस्था उभी केली आणि मराठीत इतके सोपे लिहिले की माझ्यासारख्या खेड्यातल्या मास्तराला आकाशाची गोडी लागली. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्या दिवशी आमच्या हायस्कुलाच्या कपाटातली त्यांची पुस्तके मला आठवली. पाने सुटलेली, म्हणजे वाचलेली.

तर हॉईल १९५३ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेले होते. त्यांनी तर्क असा केला: कार्बन जर एवढा आहे, तर कार्बनच्या कणाला एका ठरावीक ठिकाणी स्वर असला पाहिजे. स्वर हा शब्द माझा. दादा भजनातले, त्यांना लगेच कळला. वीणेची एक तार छेडली की त्याच स्वरात लावलेली शेजारची तार हात न लावता घुमते. स्वर किंचित उतरलेला असेल तर ती गप्प राहते. तसेच, बेरिलियम आणि हेलियम मिळून जी ऊर्जा होते, तिच्या जवळच कार्बनचा स्वर लावलेला असेल तर तिघांचे जुळते. नसेल तर आले तसे ते निघून जातात. हॉईल यांनी तो स्वर कोठे असला पाहिजे याचा आकडाही सांगितला. तेथल्या प्रयोगशाळेतले विल्यम फाउलर यांना प्रथम हे खुळच वाटले. आकाशाकडे पाहून हा गृहस्थ अणूच्या पोटातले सांगतो! पण वॉर्ड व्हेलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला आणि स्वर जवळजवळ सांगितल्या जागी सापडला. ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट. एकक विसरलात तरी चालेल. आकडा मात्र मी वहीत लिहून ठेवला आहे.

गोष्ट येथे संपत नाही. कार्बन तयार झाला की त्यावर चौथा हेलियम येऊन बसतो आणि ऑक्सिजन होतो. तेथेही स्वर जुळला असता तर सगळ्या कार्बनचा ऑक्सिजन होऊन गेला असता. पण तेथे ऑक्सिजनचा स्वर ७.१२ वर आहे आणि लागणारी ऊर्जा ७.१६. जरासा खाली उतरलेला. म्हणून थोड्या कार्बनचा ऑक्सिजन होतो आणि थोडा कार्बन उरतो. पीक आणि पाणी दोन्हींची सोय.

हे ऐकून दादा सरसावून बसले. "मग? कुणीतरी तार पिळून लावल्याबिगर हुतंय व्हय हे?"

खुद्द हॉईल यांनाही उतारवयात तसेच वाटले. वास्तविक ते देव न मानणारे. १९५३ साली त्यांच्या डोक्यात जीवसृष्टी नव्हतीच, मूलद्रव्यांचा हिशेब होता. पण १९८० नंतरच्या काळात त्यांनी लिहिले की या आकड्यांत एखाद्या फार मोठ्या बुद्धीने हात घातला असावा असे वाटते. फाउलर यांना १९८३ साली आपल्या चंद्रशेखर यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. हॉईल यांना मिळाले नाही, हे मला आजही खटकते.

आणि कार्बन हे एकच उदाहरण नाही. पाणीच घ्या. बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात, पाणी फुगते. त्याचा रेणू वाकडा असतो, गोठताना ते रेणू सहा कोपऱ्यांच्या घरांसारखे रचले जातात आणि घरात पोकळी राहते. म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो आणि पाणी सर्वांत जड असते ते चार अंशांना. थंड मुलखातली तळी वरून गोठतात आणि खाली मासे जगतात. अमेरिकेतील लॉरेन्स हेंडरसन या शास्त्रज्ञाने १९१३ सालीच यावर एक पुस्तक लिहिले होते. अलीकडचे उदाहरण विश्वाच्या फुगण्याचे. विश्व नुसते फुगत नाही, फुगण्याचा वेगही वाढतो आहे, हे १९९८ साली कळले. ज्या जोराने ते होते तो जोर साध्या अपेक्षेपेक्षा इतका लहान आहे की फरक लिहायला एकावर एकशेवीस शून्ये लागतात. स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९८७ सालीच दाखवले होते की तो जोर फार मोठा असता तर आकाशगंगा जमल्याच नसत्या, मग तारे कोठून आणि आपण कोठून.

एवढे सगळे ऐकले की पुतण्याचे 'सगळा योगायोग' हे उत्तर तोकडे पडते. पेरणीला वाफसा साधला, पाऊस साधला, बी साधले, मजूर साधले, बाजार साधला, तर कोणी नुसता योगायोग म्हणत नाही. काहीतरी कारण शोधतोच. दिवाळीला आला तेव्हा मी त्याला हे ऐकवले. तो गडी हार मानणारा नव्हे. त्याने दुसरे उत्तर काढले आणि ते खरोखर विचार करण्यासारखे होते.

आमच्या जुन्या विहिरीच्या कडेत, दहा-बारा फूट खाली, चिऱ्यांच्या फटीत एक पिंपळ उगवला आहे. पुतण्याने त्याच्याकडे बोट दाखवले. म्हणाला, पाखरांनी पिंपळाचे बी किती ठिकाणी टाकले असेल! पत्र्यावर, सडकेवर, कातळावर, बाभळीच्या काट्यात. तेथे काही उगवले नाही. या एका फटीत ओल होती, माती होती, म्हणून हा उगवला. आता याला बोलता आले असते तर तो म्हणाला असता, बघा, ही फट माझ्यासाठीच केली आहे, माझ्या मुळाच्या मापाची! ब्रँडन कार्टर या शास्त्रज्ञाने १९७३ साली, कोपर्निकसच्या पाचशेव्या जयंतीच्या वेळी पोलंडमध्ये भरलेल्या सभेत, हाच मुद्दा मांडला. पाहणारा जेथे असू शकतो तेथलेच त्याला दिसणार, म्हणून आपल्याला दिसते ते जीवाला सोयीचे असणारच. याच्याच पुढची पायरी काही जण घेतात: विश्वे अनेक असतील, प्रत्येकाचे आकडे वेगळे, बहुतेक ओसाड, आणि आपण या एका ओल्या फटीत.

दादा विहिरीत वाकून पिंपळाकडे बघत होते. मग सावकाश म्हणाले, "बरोबर हाय तुजं. पर हीर तर कुणीतरी बांदलीच ना?"

मी आजवर या विषयावर जे वाचले त्यात याहून नेमका प्रश्न मला भेटलेला नाही. अनेक विश्वे मानली तरी ती पैदा करणारा नियम कोठून आला, हे उरतेच. उलट, बांधणारा मानला तर त्याला कोणी बांधले, हेही उरते. पुतण्याने तो प्रश्न केलाच. मग दोघेही गप्प झाले आणि आम्ही चहाला गेलो.

माझे स्वतःचे मत विचाराल तर ते सावध आहे. पहिली गोष्ट, हे आकडे जितके काठावरचे सांगतात तितके सगळेच काठावरचे नाहीत. मारिओ लिव्हिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली हिशेब करून दाखवले की कार्बनचा तो स्वर थोडा वर सरकला, शेकडा एक भागाहून थोडा कमी, तरी कार्बनच्या उत्पन्नात फारसा फरक पडत नाही. त्याच्या चार-पाचपट सरकला तर मात्र कार्बन फार घटतो. म्हणजे तार पिळलेली आहे खरी, पण केसाच्या जाडीवर नाही. व्याख्याने देणारे लोक केसाची जाडी सांगतात, कारण टाळ्या तेथे पडतात. दुसरी गोष्ट, नवल किती मोठे हे ठरवायला एकूण शक्यता किती होत्या ते माहीत पाहिजे. लॉटरी लागली, पण तिकिटे दहा विकली होती की दहा लाख हे ठाऊक नसेल, तर नशीब केवढे ते कसे मोजणार? विश्वाचे आकडे आणखी काय काय असू शकले असते, की दुसरे काही असूच शकत नव्हते, हे आज कोणालाही सांगता येत नाही. तरी यात काहीच विशेष नाही असे म्हणून मोकळे होणे मला जमत नाही. या नियमांत जीवाला वाव आहे. तो का आहे, हा प्रश्न मला खरा वाटतो.

पण दादांचे दुखणे याच्या पुढचे होते. जीवाला वाव आहे, येथून त्यांनी उडी मारली होती ती थेट आपल्या गट नंबरावर. सगळे आपल्यासाठी, म्हणून ती गारही माझ्यासाठी, म्हणून शिक्षा. ही उडी कोठे चुकते ते मला त्यांना दाखवायचे होते, आणि ते हौदातल्या गारांनीच दाखवता आले.

मी विचारले, दादा, गारा तरंगत का होत्या? बर्फ फुगतो म्हणून. कोणत्या नियमाने? पाण्याचा रेणू वाकडा त्या नियमाने. हाच नियम काश्मीरच्या तळ्यात मासे जगवतो आणि हाच आपल्या हौदात गार तरंगवतो. गार होते कशी, तर खालची ओली तापलेली हवा जोराने वर चढते, थेंब उंच जाऊन गोठतात, वरच्या झोताने तेथेच तोलून धरले जातात, थरावर थर चढतात आणि वजन झेपेनासे झाले की पडतात. यात तुमच्या शिवाराचा नकाशा कोठे येतो? जो सारखेपणा तुम्ही मोठा मानता, की एकच नियम इथून शेवटच्या ताऱ्यापर्यंत, तो सारखेपणा असेल तर गार उंबर बघून पडणार नाही. ती उंबर बघून पडायला लागली तर उद्या कार्बनचा स्वरही माणूस बघून हलेल, आणि मग ना कडबा, ना दूध.

दादा काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांना ओढ्यापलीकडची म्हातारी आठवली. तिचे दोन एकर. तिने उभ्या जन्मात कधी झाडाची फांदी तोडली नसेल. तिची ज्वारीही तशीच झोपली होती. "तिचं काय चुकलं हुतं?" ते म्हणाले. मला विचारले नाही, आपल्याशीच बोलले. त्या रात्री ते ओसरीवरून लवकर आत गेले, असे वहिनींनी सकाळी मला भाकरी वाढताना सांगितले.

२०१५ सालच्या आषाढीला ते दिंडीत गेले. जाण्याआधी बांधाच्या ओघळाला दोन उंबर लावून गेले. मी काही बोललो नाही. त्यातला एक जगला आहे.

तेव्हापासून आमचा वाद पुन्हा गंमतीचा झाला, आणि मला वाटते जास्त रंगतो. आता तो माणसाच्या बुद्धीवर येऊन थांबला आहे. पुतण्या म्हणतो, जीवाला वाव असेल, पण बुद्धीला? पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. जीवाच्या खुणा साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीपासून सापडतात, आणि त्यातला फार मोठा काळ सगळे जीव डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जंतू होते. त्यांना बुद्धी नव्हती आणि तिच्यावाचून त्यांचे काही अडले नाही. हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठीत बसून नत्र गोळा करणारे जंतू आजही बुद्धीशिवाय आपल्याला पोसतात. (हे ऐकून दादा म्हणाले होते, गावात अशी माणसंबी हायेत, पर ती नत्र गोळा करत न्हाईत.)

त्यातून आपल्या पायाखालचीच गोष्ट पाहा. आपला काळा खडक म्हणजे थंड झालेला लाव्हा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो थरांवर थर वाहिला. सह्याद्रीच्या अंगावर ते थर पायऱ्यांसारखे मोजता येतात. त्याच खडकाची झीज होऊन आपली काळी कापसाची जमीन झाली. त्याच सुमाराला तिकडे मेक्सिकोत एक प्रचंड उल्का आदळली आणि डायनोसॉर नावाचे ते अजस्र प्राणी संपले. ते कोट्यवधी वर्षे राज्य करीत होते आणि त्यांच्यात कोणी पाटी-पेन्सिल धरली नाही. ते गेले म्हणून उंदराएवढ्या सस्तन प्राण्यांना रान मोकळे झाले आणि फार पुढे त्यातून माणूस आला. ती उल्का थोडी चुकली असती तर? कार्बनचा स्वर तोच राहिला असता, पाणी तसेच फुगले असते, आणि हा वाद घालायला ओसरीवर कोणी नसते. म्हणून आकड्यांत बुद्धीसाठी काही तजवीज आहे, असे म्हणायला मी धजत नाही. कसदार रान असले म्हणजे त्यात केशरच उगवणार, असे थोडेच आहे?

मागच्या सुगीत पुतण्याने मोबाइलवर दाखवले की दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह आता सहा हजारांच्या घरात सापडले आहेत. दादांनी चष्मा लावून ती चित्रे पाहिली.

"ह्यातल्या एकावर तरी कोण हाय का?"

"अजून कुठे सापडलेलं नाही," मी म्हणालो.

"हुडकत्यात ना पर?"

"हो, हुडकतात."

"हुडकू द्या," दादा म्हणाले. तेवढ्यात लाइट आली. रात्रीची पाळी होती, हरभऱ्याला पाणी द्यायचे होते. त्यांनी बॅटरी घेतली, पुतण्याला हाक मारली आणि दोघे मोटर चालू करायला गेले.